कन्याकुमारीला जायचंय, पण बारा दिवसांत नाही

प्रश्न : माझं वय ५६, राहणार चिंचवड. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर सायकलचा नाद लागला. ग्रुपबरोबर दर रविवारी पन्नास-साठ किलोमीटर करते. मागच्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हेही (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली, पण दिवसभरात पुढच्या सायकलच्या लाल दिव्याशिवाय काही पाहिल्याचं आठवत नाही. यंदा ग्रुप पुण्याहून कन्याकुमारीला निघालाय : कोल्हापूर, हुबळी, बंगळूर, मदुराई, सगळं बारा दिवसांत. मलाही कन्याकुमारीला जायचंय, पण असं नाही. मी आणि माझी एक मैत्रीण (वय ५३), दोघींनीच दोन महिने काढून थांबत थांबत जावं असं डोक्यात घोळतंय. ग्रुपमधले म्हणतात, "मग ती राइड कसली, सहल झाली." मुलगी म्हणते, "दोन बायका, दोन महिने रस्त्यावर, काही झालं तर? आणि एवढं सावकाशच जायचं तर गाडीनं जा ना." मला दोघांनाही उत्तर देता येत नाही. हा आळशीपणा आहे का? आणि जायचंच तर कसं जावं?

उत्तर :

ताई, जा. दोघी जा आणि पुरते दोन महिने घ्या. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रात रस्त्याच्या चौकशीपेक्षा "जाऊ का?" हा प्रश्न मोठा आहे.

ग्रुपबद्दल मनात काही ठेवू नका. रोज सव्वाशे किलोमीटर, तेही ओळीनं बारा दिवस चालवणं हे कसबाचं काम आहे. त्यासाठी रुंद सपाट रस्ता लागतो, मागून सामानाची गाडी लागते, रात्री नऊला झोपावं लागतं. त्यांच्या बेताला हायवेच योग्य. तुमचं बिनसेल ते एकाच गोष्टीनं : त्यांचाच बेत घेऊन त्याला पाचानं भागलंत तर. हायवेवर रोज पंचवीस किलोमीटर चालवलं तर ट्रक तेवढेच, धूर तेवढाच, डोळ्यांपुढचा दुभाजकही तोच. सोसायचे दिवस मात्र पाचपट. सावकाश जाणाऱ्यानं रस्ता वेगळा धरावा लागतो, निघायचा महिना वेगळा धरावा लागतो आणि दिवसही वेगळ्या तऱ्हेनं मांडावा लागतो. ते सगळं मी खाली सांगते. हा किनारा मी तुकड्यातुकड्यानं आणि सलगही केला आहे, त्यामुळे जे सांगते ते पायाखालचं आहे.

रस्ता समुद्राकाठचा धरा. घराच्या दारातून सायकल काढा, मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरा, माणगाव-म्हसळा करून श्रीवर्धनला पोहोचा. (ताम्हिणीत शनिवारी-रविवारी पाय ठेवू नका; मधल्या वारी जा.) तिथून हरिहरेश्वर, आणि मग बागमांडल्याला फेरीबोटीत बसून वेसवीला उतरलात की तुमचा खरा प्रवास सुरू झाला. पुढे दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड अशा आणखी दोन फेऱ्या आहेत, आणि महाराष्ट्र संपतो तिथे तेरेखोलहून केरीला जाणारी गोव्याची फेरी. या खाड्यांवर पूल बांधायची कामं हाती घेतलेली आहेत. पूल झाले की गावकऱ्यांची सोय होईल, होऊ दे. पण त्याआधी तुम्ही जाऊन या. फेरीबोट ही सावकाश जाणाऱ्याची मैत्रीण असते. ती सुटलेली असली की धक्क्यावर बसणं भाग पडतं, मग कोळणीच्या टोपलीत काय आहे ते कळतं, कुणाची सून कुठल्या गावची ते कळतं, आणि पुढच्या गावात राहायला चांगलं घर कुठलं तेही तिथेच कळतं.

कोकणचा हा टप्पा संपूर्ण प्रवासातला सगळ्यात अवघड आहे, हे मात्र नीट ऐका. नकाशावर रस्ता समुद्राला लागून दिसतो, म्हणून लोक तो सपाट समजतात. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीशी उतरायचं आणि पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर चढायचं, असं दिवसातून चार-चार वेळा होतं. पन्नास किलोमीटरांत सात-आठशे मीटर चढ सहज अंगावर येतो, आणि सड्यावर सावलीला झाड नसतं. म्हणून श्रीवर्धन ते तेरेखोल या भागात रोज तीस-पस्तीसच्या वर जायचा हट्ट धरू नका. चढावर उतरून सायकल हातानं ढकलण्यात कमीपणा नाही. तुमच्या ग्रुपमध्ये तो मानत असतील. इथे तो प्रश्नच येत नाही.

या कमी अंतराचा मोबदला लगेच मिळतो. गणपतीपुळ्याच्या अलीकडे मालगुंड लागतं. घाईत असलेला माणूस पुळ्याची पाटी पाहून पुढे सटकतो. तुम्ही थांबा, केशवसुतांच्या घरी जाऊन या. त्यांचं स्मारक तिथेच आहे. आरे-वारेच्या चढावर दोन खाड्या आणि दोन किनारे एकदम दिसतात, तिथे तासभर बसा. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दुपारचा प्रसाद घ्या. मालवण, वेंगुर्ला, शिरोडा ही गावं एकेक दिवस देण्याजोगी आहेत.

गोव्यात बेतीहून पणजीला फेरी घ्या. दक्षिणेला काब-द-राम, आगोंद करत काणकोणमार्गे कारवारला उतरा. तिथून मंगळूरपर्यंत साधारण तीनशे किलोमीटर. या टप्प्यात बरंचसं अंतर राष्ट्रीय महामार्ग ६६ वरूनच जावं लागतं, पण जिथे आतली वाट मिळेल तिथे ती घ्या. गोकर्णाजवळ तदडीहून अघनाशिनी नदी बोटीनं ओलांडून कुमट्याकडे जाता येतं. मरवंतेला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी अशा चिंचोळ्या पट्टीवरून रस्ता जातो. उडुपीजवळ मलपेहून पडुकेरे, मट्टू असं करत कापूला जाणारा रस्ता माझ्या फार आवडीचा : डावीकडे नदी, उजवीकडे लाटा, मध्ये नारळ आणि घरं. मट्टूचं हिरवं गोल वांगं, मट्टू गुळ्ळ, भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ते थंडीत पिकतं. कुणाच्या घरी राहिलात तर त्याचं सांबार मागा.

केरळात बेपूरला नदी ओलांडायला गाड्या वाहणारी मोठी फेरी आहे, तिला तिथे जंकार म्हणतात. पुढे वैपीन बेटाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सरळ येऊन रो-रोनं, म्हणजे वाहनं चढवायच्या बोटीनं, फोर्ट कोचीला उतरायचं. तिथून चेल्लानम, अर्तुंकल असा समुद्राला चिकटलेला रस्ता आलप्पुळापर्यंत जातो. अर्तुंकलच्या चर्चची मोठी जत्रा जानेवारीत असते, तुम्ही नेमक्या त्याच सुमारास तिथे असाल. शेवटी कोल्लम, वर्कला, कोवळम आणि कुळच्चलवरून कन्याकुमारी. सगळं मिळून सतराशे-अठराशे किलोमीटर होतात. रोजचे चाळीस धरले तरी त्रेचाळीस-पंचेचाळीस दिवस चालवण्याचे आणि पंधरा दिवस नुसते राहण्याचे. तुमचे दोन महिने असे भरतात.

आता तारीख. नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निघा. डिसेंबरात निघालात तर नाताळ ते नववर्ष या दिवसांत कोकणात नाहीतर गोव्यात अडकाल, खोली मिळणार नाही आणि रस्त्यावर गाड्यांची झुंबड असेल. नोव्हेंबरात निघालात तर १८-२० डिसेंबरच्या आत गोवा मागे पडतो. दुसरं कारण पावसाचं आहे. केरळ-कन्याकुमारीला परतीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरात असतो आणि डिसेंबरात ओसरतो. तुम्ही जानेवारीत तिथे पोहोचाल, तोवर हवा कोरडी झालेली असेल. फेब्रुवारी उजाडला की दक्षिणेकडचं ऊन वाढायला लागतं, त्याआधी तुमचं आटोपलेलं असेल.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुमच्या ग्रुपला उत्तर म्हणून मी तेच देईन. या वाटेवर हिवाळ्यात रात्रीचे तीन खेळ एकापुढे एक लागतात. सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे दशावतार होतो. देवाची पालखी फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमारास संकासुराचा आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, मग आख्यान, ते पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नाही, पुरुषच स्त्रीपार्टी करतात, पेटी-पखवाज-झांज एवढ्यावर सगळा संसार उभा राहतो. कुठल्याही चहाच्या टपरीवर "आज खंय जत्रा आसा?" असं विचारा, चार माणसं पाच गावं सांगतील. पंधरा दिवसांनी तुम्ही उडुपीच्या आसपास असाल, तिथे यक्षगानाचे मेळे गावोगाव फिरत असतात. भाषा कानडी, पण कथा रामायण-महाभारतातली, त्यामुळे कर्ण कोण आणि कीचक कोण हे सांगावं लागत नाही. चंडे हा ढोल वाजू लागला की झोप येत नाही. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कण्णूर. तिथे ऑक्टोबरअखेरपासून मे महिन्यापर्यंत तेय्यमचा हंगाम असतो. गावच्या कावात, म्हणजे देवराईसारख्या जागेत, मशालींच्या उजेडात देव अंगात घेतलेला माणूस नाचतो आणि सगळा गाव त्याच्यापुढे आपली गाऱ्हाणी मांडतो. रात्री जागणं जमलं नाही तर वळपट्टणम नदीकाठच्या परश्शिनीकडवू देवळात जा, तिथे मुत्तप्पनचं तेय्यम बहुतेक रोज होतं.

विचार करा : दशावतार पाहून महिना झालेला नाही, तोच डोळा घेऊन तुम्ही यक्षगान पाहता, आणि मग तेय्यम. मुकुटांची उंची कशी वाढत जाते, नटाचा देव कुठे होतो, कुठे तो नटच राहतो, हे तुम्हाला आपोआप दिसायला लागतं. हे पाहायला रात्रभर जागावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपावं लागतं. ज्याला सकाळी सव्वाशे किलोमीटर मोजायचे आहेत त्याला हे करता येत नाही. गाडीनं जाणाराही बहुधा करत नाही, कारण त्याची पुढची खोली ठरलेली असते आणि जत्रेचं गाव त्याच्या वाटेवर येतच नाही. मुलीला सांगा, गाडीनं न जाण्याचं कारण हे आहे. सायकलवाल्याला लोक हाक मारतात. काचा वर केलेल्या गाडीला कुणी "खंय चललास?" असं विचारत नाही.

दिवस कसा मांडायचा ते सांगते, कारण सावकाशपणा तिथेच हातून निसटतो. दिसायला लागलं की निघा, अकरा वाजता थांबा. चार तास चालवलं, मध्ये नाश्त्याला अर्धा तास मोडला, तरी चाळीस किलोमीटर होतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असतो, हवा गार असते, रस्ता रिकामा असतो. दुपार आणि संध्याकाळ गावाची. पोहोचून आंघोळ, कपडे धुणं, जेवण, झोप, आणि चारनंतर पायी भटकणं. पहिल्या आठवड्यात तुम्हाला चुटपुट लागेल. पाय चालायला तयार आहेत, उजेड आहे, मग आणखी वीस का करू नये, असं वाटेल. करू नका. ती सवय ब्रेव्हेनं लावलेली आहे आणि ती सुटायला आठ-दहा दिवस लागतात. अंतर मोजणारं अ‍ॅप मोबाइलवर ठेवायचं तर ठेवा, पण रोजचे आकडे ग्रुपवर टाकू नका. टाकलेत की लोक सरासरी वेग विचारतील आणि तुम्ही नकळत तो वाढवाल.

मुलीची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ती खरी आहे, फक्त तिचं बोट चुकीच्या जागेवर आहे. तिला माणसांची भीती वाटते. मला या वाटेवर वाहनांची वाटते. म्हणून वाहनांपासून सुरुवात करते. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. हँडलला आरसा लावा. तो नसेल तर मी कुणाला केरळात सायकल घेऊन पाठवणार नाही. तिथल्या खासगी बसेस अरुंद रस्त्यावर समोरून ओव्हरटेक करत अंगावर येतात. बस येताना दिसली की रस्ता सोडून खाली उतरायचं, हक्काची भाषा करायची नाही. महामार्ग ६६ च्या रुंदीकरणाची कामं तिथे कैक वर्षं चाललेली आहेत, कुठे सर्व्हिस रोड आहे तर कुठे नुसती खडी, म्हणून शक्य तितकं किनाऱ्याच्या आतल्या रस्त्यांनी जा. अंधारात चालवायचं नाही, एकदाही नाही. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये घ्या आणि शांतपणे चालत पुढे जा. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून या. रक्तदाब, साखर, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि रेबीजची लस आधी घेऊन ठेवावी का तेही विचारा.

माणसांबद्दल माझा अनुभव असा की दोन मध्यमवयीन बायका सायकलवर सामान लादून गावात शिरल्या की दहा मिनिटांत त्या कुणाच्या तरी मावशी झालेल्या असतात. तरी डोळे उघडे ठेवायचेच. आज रात्री कुठे राहणार हे रस्त्यावर भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगू नका. खोली पटली नाही तर पैसे दिलेले असले तरी सोडा. बायका चालवतात असं घर, देवळाचा भक्तनिवास, मठ, चर्चचं अतिथिगृह यांना पहिली पसंती द्या. मुलीशी दोन निरोपांचा करार करा : सकाळी निघताना एक, मुक्कामी पोहोचल्यावर एक. दुपारी दोनपर्यंत दुसरा निरोप आला नाही तर तिनं फोन करायचा, तोवर नाही. लाइव्ह लोकेशन चालू ठेवा, ११२ हा क्रमांक दोघींच्या फोनमध्ये पहिला ठेवा. आणि तिला पहिले तीन-चार दिवस तुमच्याबरोबर यायला सांगा, सायकलवर नाहीतर एसटीनं. श्रीवर्धनच्या एखाद्या घरगुती खानावळीत तुम्हा दोघींना जेवताना पाहिलं की तिची निम्मी काळजी जाईल. उरलेली निम्मी राहू द्या, ती आईवरची माया आहे.

स्वच्छतागृहाचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, मोठी देवळं आणि चर्च ही चार ठिकाणं धरून चाला. पाणी कमी पिऊन वेळ काढायची बायकांची सवय सायकलवर महागात पडते. मूत्रमार्गाचा त्रास झाला तर चार दिवस वाया जातात. केरळात जेवणाबरोबर गुलाबी कोमट पाणी देतात, ते पतंगाच्या लाकडाचा तुकडा घालून उकळलेलं असतं. बिनधास्त प्या, बाटलीही तेच मागून भरून घ्या.

सायकल नवी घेऊ नका. तुमची हायब्रीड असेल तर तीच चालेल. फक्त टायर ३५ मिलिमीटरच्या आसपासचे घाला आणि दुकानदाराला सांगून मागच्या चक्रात मोठ्यातला मोठा दात्यांचा गिअर बसवून घ्या. कोकणातल्या चढांवर सामानासकट तोच कामाला येतो. जमलं तर मोटरसायकलला असतो तसल्या व्हॉल्व्हच्या ट्यूब वापरा, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याचं पितळी अ‍ॅडॉप्टर दोन-तीन घेऊन ठेवा. दोन जादा ट्यूब, लिव्हर, पंप, चेनची कडी, चार स्पोक. खाऱ्या हवेत चेन लवकर गंजते, रोज रात्री फडक्यानं पुसून दोन थेंब तेल. सामान पाठीवर अजिबात नको. मागे कॅरिअर, त्याला दोन्ही बाजूंनी पॅनिअर, म्हणजे लटकत्या पिशव्या. प्रत्येकीचं आठ-नऊ किलोच्या आत बसवा. दोन चालवायचे कपडे, एक संध्याकाळचा सुती ड्रेस, एक शाल. साडी न्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण देवळात आणि कुणाच्या घरी ती फार उपयोगी पडते.

निघण्याआधी एक रंगीत तालीम करा. ऑक्टोबरात पूर्ण सामान लादून दिवे घाट चढा, सासवड, जेजुरी, मोरगाव असे तीन दिवस करून या. यात पाय किती चालतात हे बघायचं नाहीये, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुठली वस्तू उगाच घेतली ते बघायचंय, बैठक कुठे घासते ते बघायचंय, आणि मैत्रिणीशी तुमचं तिसऱ्या दिवशी सकाळी कसं जमतं ते बघायचंय.

कारण दोन महिन्यांचा प्रवास मोडतो तो बहुतेक वेळा माणसांमुळे. चढावर एक पुढे जाते, दुसरीला वाटतं मला टाकून गेली. एकीला अंड्याशिवाय चालत नाही, दुसरी सोमवार धरते. एकीला पहाटे बोलायचं असतं, दुसरीला चहाआधी शब्द नको असतो. हे सगळं निघण्याआधी बोलून घ्या. माझे दोनच नियम आहेत. पुढची प्रत्येक फाट्यावर थांबते, मागची आल्याशिवाय वळत नाही. आणि आठवड्यातून एक दिवस दोघींनी आपापला काढायचा, वेगळं फिरायचं, वेगळं जेवायचं, परवडलं तर वेगळ्या खोलीत झोपायचं. पैशांची एकच थैली करा, रोज रात्री हिशेब लिहा. आणि दोघींपैकी एकीला परत जावंसं वाटलं तर ती मडगावला किंवा मंगळूरला गाडीत बसू शकते, दुसरीनं त्याचा राग धरायचा नाही, हे आत्ताच एकमेकींना सांगून टाका. कोकण रेल्वे जवळजवळ संपूर्ण वाटेवर तुमच्या डाव्या हाताला आहे, पुढे केरळातही रूळ सोबत असतात, हे या रस्त्याचं मोठं सुख आहे.

मुक्काम सगळे आधी ठरवू नका. फक्त शनिवार-रविवारचे तेवढे, चार दिवस आधी, फोनवर पक्के करा, बाकी सकाळी निघताना. आख्खं बुकिंग हातात असलं की तापातही सायकल चालवावी लागते, आणि जत्रा कळूनही थांबता येत नाही.

आळशीपणाचं विचारलंत. रोज पहाटे उठून, ओले कपडे गुंडाळून, सामान बांधून, अनोळखी गावाकडे निघणं हे साठ दिवस करून बघा. त्याला लागणारी चिकाटी ब्रेव्हेच्या चिकाटीहून कमी नाही. ती दिसत नाही, कारण तिचं प्रमाणपत्र मिळत नाही. "सहल झाली" असं कुणी म्हटलं तर हो म्हणा, सहलच आहे.

कन्याकुमारीला विवेकानंद केंद्राच्या आवारात राहायची सोय होते, तिथे चार दिवस राहा. समुद्रातलं शिलास्मारक १९७० साली पूर्ण झालं, ते उभं करण्यामागे अमरावती जिल्ह्यात जन्मलेले एकनाथ रानडे होते; त्या कामाची माहिती केंद्रात बघायला मिळेल. परतीला कन्याकुमारीहून पुण्याला थेट रेल्वे आहे, दीड दिवसाची. सायकली पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी नेऊन द्या. पॅडल काढा, हँडल वळवून फ्रेमला बांधा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा लावून वर गोणपाट शिवून घ्या, आणि नाव-फोन दोन ठिकाणी लिहा. तिकीट मात्र कोचीला पोहोचेपर्यंत काढू नका. त्याच्या आत काढलंत तर शेवटचे पंधरा दिवस तुम्ही त्या तारखेकडे बघत चालवाल.